बिनखिळ्याचा जिना

आमच्या घराला वरची खोली आहे, पण तिथे जायला जिना नाही. जिना बाबांबरोबर गेला.

'बाबांबरोबर गेला' म्हणजे अगदी खरोखरचा गेला. जाताना माणूस फार तर तोंडात तुळशीचं पान नेतो. आमच्या बाबांनी पायऱ्या, कठडा, खांब, खुंट्या, सगळं नेलं! अल्लीपुरात आमच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा भिंतीत उंचावर असलेलं ते दार पाहतो आणि खाली पायरी शोधू लागतो. मग माय त्याला चहा पाजते, आणि मी दुकानात काम आहे म्हणून सटकतो. (माझं बसस्टँडवर आलूबोंड्याचं दुकान आहे. विकतो किती आणि खातो किती, हे माझ्याकडे एकदा पाहिलं की कळतं.)

हे सगळं सुरू झालं गुलाबकाकांच्या मयतीपासून. गुलाबकाका म्हणजे बाबांचे जिवलग. दोघांचे भाजीचे मळे लागून होते. बाबांची वांगी आणि काकांचा सांभार (म्हणजे कोथिंबीर) एकाच गाडीतून बाजारात जायचा. काका गेले ते भर पावसाळ्यात. लाकडं ओली. पेटेनात. आधी रॉकेल ओतलं, मग डिझेल, मग कोणी घरातली साखर आणून टाकली, शेवटी कोणी सायकलचं टायर घेऊन आला. दिवस मावळेपर्यंत माणसं धुरात खोकत फुंकत होती आणि काका तसेच. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. आंघोळ केली तरी येत होता. जेवले नाहीत. ओसरीवर बसले आणि म्हणाले,

"सुध्या, मले असं नोको करजो."

"काय बाबा?"

"ओल्या लाकडावर नोको ठेवजो. मानसानं जिंदगीभर उन्हात राबाव अन् शेवटी असं शिजत पडाव? काई पद्धत हाये का?"

मी "हो" म्हणालो. तेवढ्या वेळेला माणूस हो म्हणतो आणि विसरतो. पण बाबा विसरणाऱ्यातले नव्हते. पुढच्याच उन्हाळ्यात वादळात आमच्या वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, जुनी बाभूळ आडवी झाली. बाबांनी ती कापून आणली, फाडून आणली, गोठ्यात नीट रचली, वरून ताडपत्री बांधली आणि हात झटकत जाहीर केलं, "आता मी तयार हाओ!"

अडचण एकच उरली. बाबांची तब्येत. ती ठणठणीत!

पावसाळे येत गेले आणि जात गेले. बाबा पहाटे उठून भेंडी तोडत होते, भाकरीवर ठेचा घेऊन खात होते आणि वर्षातून एकदा लाकडं उन्हात काढून, उलटीपालटी करून परत रचत होते. आपलंच सरण कुरडयांसारखं वाळवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मायचा जीव मेटाकुटीला आला.

"गोठ्यात शेन काहाडाले गेली का थे लाकूड माह्याकडे पाह्यते," ती म्हणायची. "कोंबड्या त्याच्याखाली अंडे देतात, मले हात घालाची हिंमत नाई होत!"

एकदा तिने त्यातली ढलपी चुलीत घालून पाणी तापवलं. बाबांनी आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतला, थांबले, धुराचा वास घेतला आणि न्हाणीघरातून ओरडले, "थे माहं होतं!"

मग माझं लग्न ठरलं. आम्ही वर एक खोली चढवली, टिनाची. वर जायला लोखंडी शिडी. उत्तममामा, म्हणजे देवळीचे, मायचे एकुलते एक भाऊ, घर पाहायला आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "भाऊजी, नव्या नवरीले शिडीनं चढवता? थे काय छपराचे कवेलू फेराले येऊन राह्यली का?" बाबांना ते लागलं. त्या दिवशी ते बराच वेळ गोठ्यात उभे होते. बाहेर आले ते तोडगा घेऊनच.

"लाकूड नुसतं पडून हाये. उदई लागून पोखराले बसली. त्याचा जिना करू. मी आहो तोवर चढा-उतरा. मी गेलो का खोलजा अन् घेऊन येजा."

"कुठी?" मायने विचारलं.

"मी जिथी जाईन तिथी!"

गावचे सुतार महादेव वाढई आले, त्यांनी लाकडाला हात लावला, हकिगत ऐकली आणि हात मागे घेतला.

"काका, जित्या मानसाचं सरन मी नाई बांधत. पाप लागते."

"तुले सरन बांध कोन म्हन्ते? तू जिना बांध. सरन पोट्टे बांधतीन."

"मंग जिन्याले खिळे ठोकाचे नाई म्हन्ता, थे काऊन?"

"राखेत राह्यतात ना बे खिळे! सुध्या अस्थी वेचाले बसन, त्याच्या बोटाले टोचतीन."

महादेवभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी माझ्या बोटांकडे बघत राहिलो. मग त्यांनी रंधा काढला.

जिना झाला मात्र देखणा! दोन्ही बाजूंना तिरप्या जाड फळ्या, त्यांना पाडलेल्या खाचा, खाचांत बसलेल्या पायऱ्या, पायरी-पायरीमधली उभी फळी, खाली एक जाड खांब, त्याच्या डोक्यावर नारळाएवढा गोल लट्टू, आणि खांबापासून वर गेलेला कठडा, त्याचे गज घोटून घोटून गोल केलेले. सगळं खाच आणि खुंटी, लोखंडाचा कण नाही. कठडा मात्र एकाच बाजूला. मायचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. ती म्हणाली, "दोन्हीकडून करा ना. दोन्ही हातानं धरून चढता येईन मले."

"लाकूड बाकी हाये का?" बाबा म्हणाले. "अन् माहा जीव केवढा! एकाच बाजूचा कठडा लय झाला मले. मी काय पहेलवान हाओ?"

म्हणजे मायचे गुडघे बाबांच्या वजनावर ठरले. घरातली बरीचशी कामं अशीच ठरायची.

इथपर्यंतही ठीक होतं. पण बाबांनी कुठल्या लाकडाची कुठे नेमणूक ते ठरवून टाकलं होतं, आणि त्यांना ते पोटात ठेवता येत नव्हतं. तिरप्या फळ्या खाली, पाठीला. उभ्या फळ्या मांड्यांवर. गज पायाशी, पेटवायला. लट्टू उशाशी. आणि मधली एक रुंद पायरी छातीवर, कारण "तिथंच वेळ लागते." घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला हे ऐकावं लागे. उत्तममामा पहिल्यांदा कौतुकाने चढू लागले, अर्ध्यात पोचले, आणि खालून बाबा म्हणाले,

"सांभाळून, उत्तम. थे माह्या छातीवरची हाये."

मामांचा पाय हवेतच राहिला! तेव्हापासून मामा ती पायरी गाळून वरच्या पायरीवर टांग टाकायचे. उतरताना तसेच. धोतरवाल्या माणसाने अशी टांग टाकणं बघण्यासारखं असे, आणि गल्लीतली पोरंबाया बघायच्याही.

माझ्या बायकोचं वेगळंच. वर्षा हिंगणीची, नव्याने घरात आलेली. सासऱ्यांच्या सरणावर पाय कसा ठेवायचा? तिने पहिल्या दिवशीच चप्पल खाली काढली, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि मग पाय ठेवला. पुढच्या पायरीला पुन्हा तेच. रोज, प्रत्येक चढउताराला, प्रत्येक पायरीला! मी वरून "चहा आण" म्हणालो की थंड चहा यायचा. मी तिची लय टिंगल केली. "अवं, एवढे नमस्कार घातले तर जिनाच आशीर्वाद देईल," म्हणायचो. ती नमस्कार घालतच राहिली.

कठड्यावर ओला टॉवेल टाकला की बाबा उठून बसायचे. "ओलं नोको! ओलं नोको! किती उन्हाळे वाळवलं थे लाकूड!" फरशी पुसताना खालच्या पायरीला पाण्याचा शिंतोडा उडाला तर फुंकर घालायचे. तेल मात्र चालायचं. दर दिवाळीत जवसाचं तेल गरम करून, चिंधीने, लहान लेकराला मालिश करावं तसं अख्ख्या जिन्याला चोळायचे. "चकाकते कसं साजरं," आम्ही म्हणायचो. "पेटनही साजरं," ते म्हणायचे.

आणि बाबांना साधा ताप आला की वर्षा वरचं सामान खाली आणायला लागायची. आधी माहेरून आणलेला कुकर, मग चार्जर, मग माझे बरे दोन शर्ट. बाबा खाटेवरून बघत. "काय वं सूनबाई, निघाली का सामान घेऊन?" "नाई बाबा, झाडझूड करून राह्यली." ताप उतरायचा, कुकर परत वर जायचा. बाबांच्या तब्येतीचा अंदाज गावातले लोक आमच्या कुकरवरून घ्यायला लागले होते!

शेवटच्या वेळेला कुकर वरच होता.

ताप नाही, खोकला नाही. श्रावणातली सकाळ, चार दिवसांची झड लागलेली, सगळीकडे पाणीच पाणी. बाबांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली, "पाऊस थांबन का रे?" असं मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेले. मी "थांबन ना बाबा" म्हणालो ते बशीला म्हणालो. मला फार वेळ काही कळलंच नाही. मी आपला बशी उचलून धुवायला गेलो.

माणसं जमली. प्रत्येक जण येऊन बाबांचे पाय शिवत होता आणि बाहेर जाऊन आभाळाकडे बघत होता. गावात कोरडं लाकूड म्हणून काडी नव्हती. कोणी म्हणालं डिझेल आणतो. 'डिझेल' ऐकलं आणि मी "नोको, नोको" म्हणत उठलो. एवढ्यात महादेव वाढई भिजत आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. हातात लाकडी ठोकणी होती आणि डोळ्यांना पाणी होतं.

"सुधाकर, खोलू का?"

"खोला," मी म्हणालो.

नागपूरहून आलेल्या दूरच्या नातेवाइकांना वाटलं, बापाच्या दुःखात पोरगा घर मोडायला निघाला. "अरे, धरा त्याले!" कोणीतरी ओरडलं. दोघांनी मला धरलंही. (दोघांत मी आवरत नाही म्हटल्यावर तिसरा आला.) तोवर महादेवभाऊंनी वरच्या खुंट्या मागून ठोकून काढल्या होत्या, कठडा वेगळा झाला होता, पायऱ्या एकेक करून खाचांतून सरकत येत होत्या. तेल पिऊन पिऊन इतक्या गुळगुळीत झालेल्या की नुसत्या ओढल्या तरी निघत होत्या. बघता बघता जिना संपला. भिंतीवर तिरपा पांढरा पट्टा राहिला.

दुसरीकडे तिरडी बांधून झाली होती. बाबांना ठेवायचं म्हणून माणसं पुढे झाली आणि माय म्हणाली,

"उत्तम कुठी हाये? माह्या भावाच्या खांद्याशिवाय मी नाई उचलू देत."

सगळे इकडेतिकडे बघू लागले. मामा तर सकाळीच देवळीहून आले होते, नखशिखान्त भिजून. मोटारसायकल दारात होती. पिशवी कोपऱ्यात होती. मामा नव्हते.

तेवढ्यात वरचं दार उघडलं.

दारात उत्तममामा उभे होते. कमरेला माझा पंचा, बाकी काही नाही! ओले कपडे काढून वर वाळत घालायला गेले होते आणि कोरड्या कपड्यांची पिशवी खालीच विसरली होती. हाका मारल्या म्हणे, पण खालच्या रडण्यात कोणाला ऐकू आल्या नाहीत. ते एक पाऊल पुढे टाकणार, तोच त्यांनी खाली पाहिलं.

"सुधाकर... जिना?"

"खोलला मामा."

"मी वर असताना?"

"आवाज नाई आला का?"

"आला ना बाप्पा! मले वाटलं तिरडी बांधून राह्यले!"

शिडी आणायला माणसं धावली. लोखंडी शिडी आम्ही केव्हाच भंगारात दिली होती. शेजाऱ्याची मंडपवाला घेऊन गेला होता. पाऊस किंचित ओसरला होता आणि जाणती माणसं घाई करत होती, आत्ता निघालो तर निघालो. सगळे अडून बसले. मग गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "हे काय. ही शिडीच तं हाये."

तिरडीकडे सगळ्यांचं एकदम लक्ष गेलं. दोन लांब हिरवे बांबू, मध्ये आडव्या काड्या, सुतळीने घट्ट आवळलेल्या. शिडी आणि तिरडी यात फरक तो काय, एक उभी आणि एक आडवी! चार जणांनी ती उचलून भिंतीला लावली. मामा दारात मागे मागे सरकले.

"नाई! मी नाई उतरत! माहा नंबर लागला नाई अजून!"

"मामा, चला, पाऊस येते!"

"माह्या पोरीचं लग्न व्हायचं हाये रे!"

बाबांच्या उशाशी बसलेल्या मायने मान वर केली. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नव्हता. नुसती बाबांच्या हातावरून हात फिरवत होती.

"उत्तम," ती म्हणाली, "उतर गुमान. तुले कोनी नेत नाई."

मामांनी एका हाताने पंचा धरला, दुसऱ्याने बांबू, डोळे घट्ट मिटले आणि राम राम म्हणत तिरडीवरून उतरू लागले. एक काडी. दुसरी काडी. आणि नेमके मधोमध आल्यावर, सवयीने, त्यांनी एक काडी गाळली आणि लांब टांग टाकली!

छातीवरची होती ना.

माय हसली. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. बाया दचकल्या, कोणी "पाणी आना, पाणी आना" म्हणू लागली. मायचं हसणं थांबेना, हसता हसता तिचा आवाज फाटला आणि मग ती रडली. सकाळपासून अडलेलं सगळं त्या एका टांगेने मोकळं केलं. मीही तेव्हाच रडलो. तोवर मी बशी धुतल्यासारखाच वागत होतो.

(मामांच्या वजनाने ढिल्या झालेल्या काड्या पुन्हा आवळाव्या लागल्या, ते वेगळं.)

घाटावर टिनाच्या छताखाली जिना उतरवला तर नातेवाइकांतले एक वडीलधारे पुढे आले. "हे पायऱ्यांचं लाकूड? पायदळी तुडवलेलं? प्रेतावर ठेवता का रे असं? शोभते का?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ओलं लाकूड आणा म्हणाले असते तर आणावं लागलं असतं, आणि छताच्या कडेने पाण्याची धार लागली होती. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली एकुलती एक गोष्ट तिथे अडली.

आणि मला वर्षा आठवली.

"आबाजी," मी म्हणालो, "माह्या बायकोनं पाया पडल्याशिवाय यातल्या एकाही पायरीवर पाय ठेवला नाई. लग्न होऊन आली तेव्हापासून. देवळाच्या पायरीलेबी इतके नमस्कार नाई भेटत."

आबाजींनी एक पायरी उचलली, पाहिली आणि स्वतःच बाबांच्या अंगावर ठेवली. "थे मांड्यावरची नाई," मागून कोणीतरी बोललं. "थे छातीवरची हाये. रुंद पाह्या ना!" झालं! गावातल्या झाडून सगळ्यांना बाबांनी समजावून ठेवलेलं. "गज पायाशी!" "लट्टू इकडे द्या, उशाले!" "अरे, तिरप्या फळ्या खाली म्हनत होते ना काका?" पोस्टमनला माहीत, दूधवाल्याला माहीत, वांगी घ्यायला यायचा त्या व्यापाऱ्याला माहीत! मला एकट्यालाच लट्टूची बाजू आठवत नव्हती.

एक काडी लावली आणि जिना पेटला. भडकला नाही, धूर नाही, सरळ शांत पेटला. जवसाच्या तेलाचा वास आला. दरवर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात यायचा तोच. छतावर पाऊस कोसळत होता आणि आम्ही सगळे त्या वासात उभे होतो. मला बाबांचा इतका अभिमान वाटला आणि इतकी आठवण आली की मी सवयीने कठडा धरायला हात पुढे केला.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला बसलो. राख मऊ होती. चाळून चाळून पाहिलं, एकाही खिळ्याने बोटाला टोचलं नाही.

नंतर बरेच महिने आमचा संसार खाली आणि कुकर वर, अशी वाटणी राहिली. वर एक मांजर व्यायली. शेवटी परवा मी महादेवभाऊंना दुकानावर बोलावलं. सिमेंटचा करू, लोखंडाचा करू, असं ठरवूनच बसलो होतो. तेवढ्यात त्यांनी सांगितलं, तुमच्या धुऱ्यावरची दुसरी बाभूळही वाळली आहे. मायही गुडघे दाबत तिथेच बाकावर बसली होती.

"बाभळीचाच करून टाका मंग," मी म्हणालो.

"करतो. खिळे का खुंट्या?"

आयुष्यभर ज्या गोष्टीवर मी हसलो ती अशी समोर येऊन उभी राहिली. मी कढईकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "खुंट्या."

महादेवभाऊंनी मान डोलावली. मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग इकडून तिकडे पाहिलं. त्याला जरा वेळ लागला.

"मंग कठडा दोन्ही बाजूनं लागन, भाऊ."

मी हातातला आलूबोंडा परातीत ठेवला. पण बाकावर माय इतकी खूश झालेली दिसली, की तिच्या गुडघ्यांसाठी म्हणून पुन्हा उचलला आणि खाल्ला.